पाणी फुकट, गाव कर्जबाजारी!

आल्प्स म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? बर्फ, हिरवी कुरणं, गळ्यात घंटा बांधलेल्या गायी आणि यश चोप्रांचे सिनेमे! पण याच बर्फात, 1400 मीटर उंचीवर, जमिनीतून 51 अंश सेल्सिअसचं पाणी आपोआप वर येतं असं सांगितलं तर? त्या गावाचं नाव लॉइकरबाड. प्रोजेक्टसाठी सहा महिने झुरिकला होतो, तेव्हा एक शनिवार-रविवार तिथे काढला. मजा तर आलीच, पण मेकॅनिकलवाल्यापासून सिव्हिलवाल्यापर्यंत सगळ्यांना पुरेल एवढा मालमसालाही मिळाला. म्हणून हा लेखप्रपंच.

आधी जायचं कसं ते सांगतो. झुरिकहून फिस्पपर्यंत रेल्वे, साधारण दोन तास. वाटेत 2007 साली सुरू झालेला 34.6 किलोमीटर लांबीचा लॉट्शबर्ग बोगदा लागतो. फिस्पला गाडी बदलून लॉइक, आणि तिथून बसने अर्धा तास घाट. पूर्वी या घाटात दातेरी रुळांची छोटी रेल्वे होती. ती 1915 मध्ये सुरू झाली आणि 1967 मध्ये बंद पडली. तिची जागा रस्त्याने घेतली. गाव तिन्ही बाजूंनी उभ्या कड्यांनी वेढलेलं. आपल्या हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याखाली एखादं गाव वसवलं तर कसं दिसेल, तसं काहीसं!

आता मुद्द्याचा प्रश्न. पाणी गरम होतं कसं? आपल्याला वाटतं, गरम झरा म्हणजे खाली ज्वालामुखी असणार. पण स्विस आल्प्समध्ये जागृत ज्वालामुखी नाहीत. खरी गोष्ट अगदी साधी आहे. डोंगरावर पडलेला पाऊस आणि वितळलेला बर्फ खडकांच्या भेगांतून खोल खोल जातो. जमिनीत एक किलोमीटर खाली गेलं की तापमान सरासरी 25 ते 30 अंशांनी वाढतं. वरचं पाणी 5 अंशांचं धरा. 51 व्हायला 46 अंश हवेत, म्हणजे ढोबळमानाने दीड किलोमीटरची खोली. येताना थोडं निवतं, म्हणजे प्रत्यक्षात त्याहून जास्तच! मग डोंगरावरच्या पाण्याचा दाब त्याला मोठ्या भेगेतून भराभर वर ढकलतो, म्हणून निवायला वेळच मिळत नाही. जाताना सावकाश, येताना घाईत. एवढंच रहस्य! वाटेत जिप्समसारखी खनिजं विरघळतात, म्हणून या पाण्यात कॅल्शियम आणि सल्फेट भरपूर.

खडक पाणी कसं गिळतो हे बघायचं असेल तर रविवारी रोपवेने गेम्मी खिंडीत जा. वर डाउबेनझे नावाचं तळं आहे. त्यातून एकही ओढा बाहेर पडत नाही. पाणी तळातल्या चुनखडकातून गायब होतं. (तेच पाणी गावात गरम होऊन येतं असा अर्थ मात्र काढू नका, ही फक्त नमुन्याची भेग!)

आता कॅल्क्युलेटर काढा. गावात रोज सुमारे 39 लाख लिटर गरम पाणी येतं, म्हणजे सेकंदाला 45 लिटर. पोहायला 51 अंश चालत नाही, ते 36 पर्यंत निववावं लागतं. 45 गुणिले 4.2 गुणिले 15, उत्तर सुमारे 2800 किलोवॅट. अठ्ठावीसशे किलोवॅट उष्णता, चोवीस तास, बारा महिने, कोळशाचा एक खडाही न जाळता! बाहेर शून्याखाली तापमान, डोक्यावर बर्फ भुरभुरतोय आणि आपण मानेपर्यंत गरम पाण्यात. त्या वाफेत बसून मी हेच गणित करत होतो (सवय जात नाही).

अशा गावाला पैशाची काय ददात, असं वाटेल. पण हेच गाव 1998 मध्ये दिवाळखोरीच्या दारात उभं होतं! लोकवस्ती जेमतेम दीड-पावणेदोन हजार आणि कर्ज सुमारे 34 कोटी 60 लाख फ्रँक. माणशी दोन लाखांच्या वर! स्नानगृहं, क्रीडासंकुल, पार्किंग असं एकामागून एक बांधत गेले. कारभार गावाच्या हातून काढून घ्यावा लागला. कर्ज देणाऱ्यांनी राज्य सरकारकडे, म्हणजे कँटनकडे, बोट दाखवलं. तुम्ही लक्ष ठेवलं नाही, तुम्ही भरा! 2003 मध्ये स्विस सर्वोच्च न्यायालयाने तो दावा फेटाळला आणि देणेकऱ्यांना मोठ्या रकमेवर पाणी सोडावं लागलं. गरम पाणी असलं तरी सोडावंच लागतं!

यातून मला समजलं ते असं. उष्णता फुकट आहे, पण पाइप, फरशा, गाळणयंत्रं, माणसांचे पगार आणि कर्जावरचं व्याज फुकट नाही. झरा रोज तेवढाच वाहतो, पाहुणे मात्र हंगामाप्रमाणे कमी-जास्त. खर्च ठरलेला, उत्पन्न न ठरलेलं. आपण प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये एफिशिअन्सीचा आकडा दोन दशांश स्थळांपर्यंत काढतो आणि खर्चाचं पान शेवटच्या रात्री उरकतो. लॉइकरबाडला नेमकं तेच पान महागात पडलं.

मित्रांनो, गरम झरे बघायला आल्प्सलाच जायला हवं असं नाही. वज्रेश्वरी-गणेशपुरी, उन्हवरे, तुरळ, राजवाडी ही कुंडं आपल्या कोकणातच आहेत, आणि तिथेही जागृत ज्वालामुखी नाही! पुढच्या ट्रिपला थर्मामीटर घेऊन जा, बादली आणि घड्याळ लावून प्रवाह मोजा, किती किलोवॅट येतात ते काढा. आणि उद्या तुमच्यापैकी कोणी तिथे काही उभारायचं ठरवलंच, तर आकडेमोडीत आधी खर्चाचं पान लिहा, किलोवॅट नंतर!