अर्धा फोन भिंतीवर

हिमायतनगरात (जुनी माणसं अजूनही वाढोणाच म्हणतात) जिनिंगच्या नाहीतर आडतीच्या जुन्या कचेरीची आवराआवर निघाली, की कपाटावरून हमखास एक जड फोन खाली उतरतो. वर डायल, खाली बटणांची ओळ. "हा चालू होईल का?" असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, "याची भिंतीवरची पेटी कुठंय?"

कारण एकाहून जास्त लाइनींच्या फोनचं निम्मं डोकं संचात असायचं आणि निम्मं त्या पेटीत. फोन शोभेला म्हणून कुणीतरी जपतं. पेटी पहिल्या रंगकामालाच भंगारात जाते. म्हणून पाना-पेचकस हातात घेण्याआधी आपल्याकडे नेमकं काय उरलंय, ते ओळखावं.

संच उलटा करून तळ पाहावा. 'आयटीआय' असं असेल तर तो इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज या 1948 साली बंगळूरला सुरू झालेल्या सरकारी कारखान्याचा. पोस्ट आणि तार खात्याचा, म्हणजे 'पी अँड टी'चा शिक्का असेल तर संच बहुधा 1985च्या आधीचा. त्या साली टपाल आणि दूरसंचार ही खाती वेगळी झाली. बीएसएनएल तर 1 ऑक्टोबर 2000 ची.

मग दांडा आहे का ते पाहावं आणि तारा मोजाव्यात. कुशीला फिरवायचा दांडा असेल तर तो मॅग्नेटो फोन. दांडा फिरवला की आतल्या छोट्या जनित्रातून वीज जायची आणि एक्सचेंजमधल्या ऑपरेटरच्या फळीवर खूण व्हायची. नांदेडला ट्रंक कॉल लावायचा तर आधी ऑपरेटरला गाठा, मग ताटकळत बसा. 1984 साली स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेने 128 जोडण्यांचं छोटं ग्रामीण एक्सचेंज बनवलं, आणि अशी स्वयंचलित एक्सचेंजं गावोगावी पोचली तसे दांडेवाले फोन माळ्यावर गेले.

चार-सहा तारा आणि एक-दोन बटणं असतील तर तो साहेब-कारकुनाचा संच. लाइन एकच, फोन दोन. दुरुस्तीला हा सगळ्यात सोपा.

मनगटाएवढी नसली तरी बोटाएवढी जाड केबल आणि दिवा लागणारी चौकोनी बटणं असतील तर तो 'की टेलिफोन'. अमेरिकी घडणीच्या संचांत लाइनींची पाच बटणं आणि होल्डचं एक लाल बटण असतं. केबलीत तारांच्या 25 जोड्या. त्या बघून घाबरू नये, रंगांना हिशेब असतो. पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा हे पाच एका बाजूला. निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, करडा हे पाच दुसऱ्या बाजूला. प्रत्येकाची प्रत्येकाशी जोडी लावली की पंचवीस होतात. पांढरा-निळा ही पहिली जोडी.

छोटा पडदा असलेला ईपीएबीएक्सचा, म्हणजे कचेरीतल्या खाजगी एक्सचेंजचा डिजिटल संच असेल आणि त्याचं मूळ यंत्र गेलेलं असेल, तर माझा सल्ला स्पष्ट आहे: पुसून शोकेसमध्ये ठेवा.

आता होल्डचं गुपित, कारण सगळा घोळ इथेच होतो. रिसिव्हर उचलला की लाइनीच्या दोन तारांतून प्रवाह वाहायला लागतो आणि एक्सचेंजला कळतं की कुणीतरी फोनवर आहे. खाली ठेवला की प्रवाह तुटतो, कॉल संपतो. होल्ड दाबल्यावर रिसिव्हरच्या जागी एक रोधक, म्हणजे प्रवाहाला थोडी आडकाठी करणारा भाग, लाइनीवर येतो. एक्सचेंजला वाटतं, बोलणं चालूच आहे. साध्या संचात ही चलाखी फोनच्या पोटातच असते. की टेलिफोनमध्ये ती भिंतीवरची पेटी करते. बटणांमागचे दिवेही तिच्याच विजेवर लागतात, लाइनीच्या नाही. त्यामुळे पेटी नसताना की टेलिफोनच्या एका लाइनीची जोडी शोधून जोडली तर बोलता येईल, डायल करता येईल. पण होल्ड होणार नाही आणि दिवा लागणार नाही. बहुतेकदा घंटीही वाजत नाही, कारण तिच्या तारा केबलीत वेगळ्या असतात. "घंटी जळली" म्हणून लोक नवी शोधत फिरतात, आणि जुनी नुसती जोडायची राहिलेली असते.

उघडण्याआधी लाइन काढावी. लाइनीवर एरवी 48 व्होल्टच्या आसपास दाब असतो, पण घंटीच्या वेळी 75 व्होल्ट किंवा जास्तच येतो आणि चांगला झटका बसतो. मग तळाचे स्क्रू काढावेत आणि एकही तार हलवण्याआधी मोबाइलवर फोटो घ्यावेत. बऱ्याच संचांत जोडणीचा नकाशा आतच चिकटवलेला असतो. तो ओल्या फडक्याने पुसू नये.

आत काय निघेल सांगता येत नाही. जिनिंगमधून आलेल्या एका संचात कापसाच्या तंतूंची गादीच झाली होती आणि घंटीच्या दोन वाट्यांमध्ये कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलं होतं. मऊ ब्रश आणि धीर, एवढंच लागतं. थिनर, पेट्रोल लांब ठेवा, प्लास्टिक वितळतं.

रिसिव्हर ठेवायच्या जागेखाली आणि प्रत्येक बटणामागे पातळ पट्ट्या असतात. त्यांची टोकं एकमेकांना टेकली की जोड होतो. कुठलंही बटण दाबल्यावर खरखर येत असेल तर दोष बहुधा इथे. कोरा जाड कागद दोन टोकांमध्ये धरून हळूच ओढावा, त्यावर काळी रेघ उमटते. काळं येणं थांबेपर्यंत असं करावं. पॉलिश पेपर वापरू नये, वरचा पातळ थर निघून जातो.

डायलची परीक्षा घड्याळ लावून घ्यावी. 0 फिरवून सोडल्यावर दहा ठोके पडतात, सेकंदाला दहा या वेगाने. म्हणजे परत यायला साधारण एक सेकंद लागायला हवा. डायल रेंगाळत असेल तर आत कुणीतरी तेल सोडलेलं असतं, आपल्याकडे बहुतेक खोबरेल. ते थंडीत गोठतं, धूळ धरतं, आणि 5 फिरवलं तरी भलताच आकडा लागतो. जुनं तेल पुसून घड्याळाच्या तेलाचा सुईच्या टोकाएवढा थेंब द्यावा. जास्त नको.

आवाज पलीकडे बारीक जात असेल तर रिसिव्हरची बोलायची बाजू तळहातावर हलकेच आपटावी. आत कोळशाचे बारीक कण असतात. आपल्या आवाजाने ते दाबले-सुटले जातात तसा प्रवाह कमी-जास्त होतो. वर्षानुवर्षं दमट हवेत पडून ते आवळून बसतात. आपटूनही सुटले नाहीत तर तो डबा बदलावा.

घंटी बद्द वाजत असेल तर तिच्या वाटीचा स्क्रू किंचित सैल करून वाटी थोडी फिरवावी. भोक मध्यभागी नसतं, ते मुद्दामच तसं पाडलेलं असतं. वाटी फिरवली की टोल्यापासूनचं अंतर बदलतं.

शेवटी जोडायचा कुठे? तांब्याची चालू लाइन नसेल तर फायबरच्या मोडेमवर फोनचं भोक असतं. तिथे जोडल्यावर डायलटोन येईल, पण नंबर फिरवूनही टोन तसाच राहिला, तर मोडेमला डायलचे ठोके कळत नाहीत असं समजावं. ठोक्यांचे सूर करणारा छोटा बदलक मध्ये लावावा लागतो. आणि मोडेमची ताकद एक्सचेंजएवढी नसते; जुन्या धातूच्या घंट्या दोन-तीन लावल्या तर कधी कधी एकही वाजत नाही. घंटी मुकी राहिली तर आधी घरातले बाकीचे फोन काढून पाहावेत.