कमान नेमकी कोणाची? : संगीताची चिकित्सक आवृत्ती आणि अक्षरांतून स्वरजुळणी

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती ज्यांनी चाळली आहे, त्यांना तिच्यातली नागमोडी रेघ आठवत असेल. संहितेतल्या ज्या शब्दांबद्दल संपादकांची पुरेशी खात्री नव्हती, त्यांच्याखाली ती छापलेली आहे. पाठभेद तळटीपांत आहेतच; पण मुख्य संहिता वाचतानाच वाचक सावध व्हावा, एवढ्यासाठी ती रेघ. संगीताच्या चिकित्सक आवृत्तीलाही अशी रेघ लागते. ती छापायची कशी आणि तिच्यामागचा विचार जपायचा कसा, हा या लेखाचा विषय.

योहान सेबास्टियन बाख याने १७२०च्या सुमारास एकट्या चेलोसाठी रचलेल्या सहा सूटचे उदाहरण घेऊ. त्याच्या हातचे मूळ हस्तलिखित हरवले आहे. अठराव्या शतकातल्या चार नकला तेवढ्या उरल्या : एक पत्नी आन्ना माग्दालेना हिची, एक योहान पीटर केल्नर याची, आणि दोन अज्ञात लेखनिकांच्या. त्यांतले स्वर बहुतांशी जुळतात. जुळत नाहीत त्या कमानी. भातखंडे स्वरलिपीत स्वरांवरची कमान मींड दाखवते. पाश्चात्त्य लेखनात तिला स्लर म्हणतात आणि तंतुवाद्यासाठी तिचा अर्थ असा, की तिच्याखालचे सगळे स्वर एकाच गजात वाजवायचे. गज कुठे फिरतो यावर वाक्याचा श्वास ठरतो, म्हणून कमान ही केवळ सजावट नव्हे.

आन्ना माग्दालेनाच्या कमानी घाईने ओढलेल्या आहेत. कोणती कुठे सुरू होते आणि कुठे संपते, हे अनेकदा सांगता येत नाही. एकट्या व्हायोलिनसाठीच्या रचनांचे बाखचे १७२०चे स्वहस्तलिखित सुदैवाने उपलब्ध आहे. तिने केलेली त्यांची नक्कल त्याच्याशी ताडून पाहिली, तर कमानींबाबत ती काटेकोर नव्हती हे स्पष्ट होते. म्हणजे चेलोच्या सूटमध्ये संपादकाला अंदाज करावाच लागतो. तो अंदाज इतर कमानींसारखाच ठसठशीत छापला, तर विद्यार्थी संपादकाचे मत जन्मभर बाखची आज्ञा म्हणून वाजवतो. म्हणून चिकित्सक आवृत्त्यांत संपादकाने घातलेली कमान तुटक रेषेने दाखवण्याचा संकेत रूढ आहे. नागमोडी रेघेचेच हे भावंड.

पूर्वी लाइप्‌त्सिगसारख्या शहरांतले कारागीर शिसे-कथिलाच्या मिश्रधातूच्या पत्र्यावर ठशांनी आणि कोरणीने उलटी स्वरलिपी कोरत. चूक दुरुस्त करायची तर पत्रा मागून ठोकून सपाट करायचा आणि पुन्हा कोरायचा. संगणक आल्यावर पडद्यावरच्या पंचरेषांवर माउसने स्वर ठेवणे सोपे झाले. दोन्ही रीतींत अंतिम पान उत्तम निघू शकते. पण कमान तिथे का ठेवली, याचा खुलासा संपादकाच्या वहीत, पानापासून लांब राहतो.

लिलीपाँड या मुक्त प्रणालीची वाट वेगळी आहे. हान-वेन निनहाउस आणि यान न्यूवनहाउझन या दोन डच तरुणांनी १९९६मध्ये तिची सुरुवात केली. हाताने कोरलेल्या जुन्या पानांचे सौष्ठव संगणकाला शिकवायचे, ही त्यांची जिद्द. इथे संगीत चक्क टंकलिखित केले जाते. सा-रे-गच्या जागी सी-डी-ई ही अक्षरे, स्वराच्या लांबीसाठी आकडा. आपण तार आणि मंद्र सप्तकासाठी वर किंवा खाली बिंदू देतो. इथे वरच्या सप्तकासाठी अवतरणचिन्हाची एक मात्रा आणि खालच्यासाठी स्वल्पविराम. कमान सुरू झाली की उघडता कंस, संपली की मिटता. या मजकुरावरून प्रणाली पंचरेषांचे पान आखून देते.

संपादकाच्या दृष्टीने खरा फायदा पुढे आहे. टक्केवारीचे चिन्ह टाकून त्यापुढे काहीही लिहिले तर ते छापले जात नाही. म्हणून ‘केल्नरच्या नकलेत ही कमान पुढच्या स्वरापर्यंत’ अशी नोंद त्या स्वराशेजारीच ठेवता येते. वेगवेगळ्या नकलांतल्या कमानींना वेगवेगळ्या खुणा लावून एकाच फाइलमधून प्रत्येक नकलेची स्वतंत्र प्रत काढता येते. कमान एक स्वर पुढे सरकवणे म्हणजे एक कंस पुढे सरकवणे. आणि मजकुरातले बदल नोंदवणारी गिटसारखी साधने तो बदल कोणी, केव्हा केला हे लिहून ठेवतात. पत्र्यावर ठोकून पुसला जाणारा पाठ इथे पुसला जात नाही.

टिकाऊपणाचाही प्रश्न आहे. फिनाले ही स्वरलेखनाची नामांकित व्यावसायिक प्रणाली पस्तीस वर्षांनंतर २०२४च्या ऑगस्टमध्ये बंद करण्यात आल्याचे जाहीर झाले. तिच्या स्वतःच्या स्वरूपात साठवलेल्या कामाचे स्थलांतर वेळेत करणे वापरणाऱ्यांना भाग पडले. लिलीपाँडचे नियमही आवृत्तीगणिक थोडे बदलतात आणि जुन्या फाइली सुधारून घ्याव्या लागतात. पण प्रणाली उद्या नाहीशी झाली, तरी ती फाइल साध्या डोळ्यांनी वाचता येईल.

ही वाट सगळ्यांना मानवत नाही. लिहिताना स्वर दिसत नाहीत, सुरुवातीचे काही महिने चिन्हे घोकण्यात जातात, आणि एखादा कंस राहिला की पानच बिघडते. शिवाय कमान तीन स्वरांवर की चार, हे कोणतीही प्रणाली ठरवत नाही. ते संपादकाचेच काम. प्रणाली फक्त त्याने कशाच्या आधारे ठरवले, हे लपू देत नाही.

आपल्याकडे एकाच बंदिशीचे घराण्यागणिक निराळे पाठ आहेत, आणि छापताना बहुधा त्यांतला एकच उरतो. भातखंड्यांची स्वरलिपी मुळातच अक्षरांची असल्यामुळे पाठभेद त्या त्या स्वराशेजारी, कोणाच्या गायकीतला ते सांगून नोंदवायला मोठ्या यंत्रणेची गरज नाही. साधी मजकुराची फाइल आणि तुटक रेषेइतका प्रामाणिकपणा पुरेल.