नागमोडी पट्टा

मुलांनो, दळण घेऊन तुम्ही पिठाच्या गिरणीत गेला असाल. गिरणीत एका बाजूला विजेची मोटर फिरत असते व दुसऱ्या बाजूला जाते. या दोहोंना जोडणारा एक लांब पट्टा कप्प्यांवरून सारखा धावत असतो. मोटरीची शक्ती जात्यापर्यंत पोहोचवणे, एवढेच त्याचे काम. पण तो निसटला, तर मोटर नुसतीच फिरत राहते आणि पिठाचा कणही पडत नाही.

मोटारगाडीच्या इंजिनातही असाच एक पट्टा असतो. इंजिनाचा मुख्य दांडा फिरू लागला, की त्याच्या टोकाची कप्पी हा पट्टा ओढते. पट्टा मग इतर कप्प्यांना फिरवतो. त्यांपैकी एक वीज निर्माण करणाऱ्या यंत्राची, एक सुकाणू हलके करणाऱ्या पंपाची, तर एक गाडीतील हवा थंड करणाऱ्या यंत्राची असते. पुष्कळ गाड्यांत इंजिन थंड ठेवणारे पाणी खेळवणारा पंपही याच पट्ट्यावर चालतो. पट्ट्याच्या आतील अंगाला उभ्या रेघांसारखे कंगोरे असतात. ते कप्प्यांच्या खाचांत घट्ट बसतात. पाठ मात्र सपाट असते. काही कप्प्यांना पोट लावून व काही कप्प्यांना पाठ लावून तो सापासारखा वळणे घेत जातो, म्हणून त्याला नागमोडी पट्टा म्हणावयाचे.

पूर्वी बहुधा निरनिराळ्या यंत्रांसाठी निरनिराळे पट्टे असत. अमेरिकेतील फोर्ड कंपनीच्या 1979 सालच्या ‘मस्टँग’ गाडीत सर्वांसाठी एकच लांब पट्टा आला आणि पुढे ही पद्धत जगभर पसरली. त्यामुळे जागा वाचली, काम सोपे झाले. परंतु एकाच पट्ट्यावर सर्वांचा भार आला, की तो तुटल्यावर सर्वांचेच काम थांबते!

याचा प्रत्यय आम्हांला तिसगावात आला. अहिल्यानगरहून पाथर्डीकडे जाताना करंजी घाट ओलांडला, की पुढे आमचे हे गाव लागते. येथील माझ्या एका माजी विद्यार्थ्याची जुनी गाडी सकाळी सुरू करताना किंचाळल्यासारखा आवाज करी. त्याने पाहिले, तो पट्ट्याची एक कड उसवलेली. त्याने नवा पट्टा आणून बसवला. आवाज थांबला आणि तो निर्धास्त झाला.

एके रात्री त्याच्या आईच्या छातीत दुखू लागले. तिला घेऊन तो घाईने नगरच्या वाटेला लागला. करंजी घाटात फटकन आवाज झाला, समोरचा लाल दिवा लागला, सुकाणू दगडासारखे जड झाले आणि इंजिनाची उष्णता दाखवणारा काटा वर चढू लागला. त्याने प्रसंगावधान राखून गाडी कडेला थांबवली. तशीच पुढे रेटली असती, तर इंजिन जळून गेले असते. दैवयोगाने मागून येणाऱ्या एका वाहनाने मायलेकरांना नगरास पोहोचवले आणि आईवर वेळेत उपचार झाले. पण अंधारात रस्त्याच्या कडेला काढलेली ती पंधरा मिनिटे तो अजून विसरलेला नाही.

नवा पट्टा इतक्या लवकर का तुटावा? आई बरी होऊन घरी आल्यावर याचा शोध घेण्याचे त्याने ठरवले. गाडी ओढून अंगणात आणली होती. तो हत्यारे घेऊन बसला आणि मी कागद-पेन्सिल घेऊन शेजारी बसलो.

इंजिन पूर्ण थंड होते. त्याने किल्ली काढून खिशात ठेवली आणि बॅटरीची तार सोडवली. कारण काही गाड्यांत पंखा आपोआप फिरू लागतो व हाताला इजा करतो. पट्ट्याचे उरलेले तुकडे काढण्यापूर्वी मी कप्प्यांचे चित्र काढले आणि पट्टा कोठून कसा वळतो, हे बाणांनी दाखवले. हे चित्र फार मोलाचे. ते नसेल, तर नवा पट्टा चढवताना माणूस चकव्यात सापडतो. पट्टा अखंड असता, तर ताण देणारी कप्पी पान्याने स्प्रिंगच्या उलट दिशेस दाबून तो सैल करावा लागला असता व मग सपाट कप्पीवरून हळूच उतरवता आला असता.

मग खरी तपासणी सुरू झाली. मुख्य दांड्याची कप्पी हाताने फिरत नाही. ती नुसती निरखून पाहिली. बाकीची प्रत्येक कप्पी त्याने बोटांनी फिरवली व कान देऊन ऐकली. निरोगी कप्पी गुळगुळीत आणि निःशब्द फिरते. मग दोन्ही हातांनी धरून ती हलते का, हे पाहिले. खाचांत खडा वा रबराचा तुकडा अडकला आहे का, हेही पाहिले. शेवटी एक सरळ पट्टी कप्प्यांच्या तोंडावर धरून त्या एका रेषेत आहेत की नाहीत, याची खात्री करून घेतली.

पाठीला लागणारी एक लहानशी सपाट कप्पी फिरवताच खरखर ऐकू आली. हाताने हलवली, तर ती डुगडुगली. तिच्या आतील बेअरिंग झिजले होते. त्यामुळे ती तिरकी फिरे, पट्टा सरकून कडेला घासे आणि उसवे. म्हणजे खरा रोग त्या कप्पीत होता आणि औषध दिले होते पट्ट्याला! आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, असाच हा प्रकार.

कप्पी बदलली. चित्र पाहून नवा पट्टा चढवला, प्रत्येक कंगोरा आपापल्या खाचेत बसल्याची खात्री केली. बॅटरीची तार जोडून इंजिन सुरू करताच आम्ही दूर उभे राहिलो. पट्टा आता एका सरळ मार्गाने शांतपणे धावत होता.

मुलांनो, हे काम मोठ्यांचे आहे. तुम्ही ते अंतर राखून पाहावे, फिरत्या पट्ट्याजवळ हात वा सैल कपडा कधी नेऊ नये. पण त्यातला विचार मात्र तुमचाही आहे. गणित चुकले, की उत्तर खोडून दुसरे लिहिणे सोपे असते. कोणती पायरी डुगडुगते, हे शोधणे कठीण असते. जो ती शोधतो, त्याचे गणित पुन्हा त्याच जागी चुकत नाही.