मोबाईलवरची खरेदी बरी की नाक्यावरचे दुकान?

गेल्या जयंतीला मुलासाठी आम्ही मोबाईलवरून पांढरा शर्ट मागविला. बाजारात चारशेला मिळणारा शर्ट तीनशेत मिळाला म्हणून घरात सगळे खूश! १२ एप्रिलला पार्सल आले. उघडून पाहतो तो शर्ट खांद्यात घट्ट, हातांना आखूड. परत पाठविला. पैसेही आठवड्याभरात खात्यात जमा झाले. पण तोवर जयंती होऊन गेली होती. नाक्यावरच्या दुकानातून घेतला असता तर त्याच संध्याकाळी बदलून मिळाला असता.

मग दुकानच बरे म्हणावे, तर तिथलाही अनुभव ऐका. मिक्सर घेताना दुकानदार म्हणाला, "पक्की पावती हवी तर पैसे वाढतील." चार पैसे वाचतील म्हणून आम्ही गप्प बसलो. सात महिन्यांत मोटार जळाली. गॅरंटी होती, पण पावतीच नव्हती. दुरुस्तीचा खर्च आमच्याच माथी!

घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून पाहा. कित्येक गावांत आपल्या माणसाला दुकानाच्या ओट्याखाली उभे राहावे लागे. पैसे लांबून ठेवायचे, कापडाला हात लावायचा नाही. मोबाईल जात विचारत नाही, ही गोष्ट लहान नाही. पण तो अडचणही विचारत नाही. पगार लांबला तेव्हा वहीत नाव लिहून डाळ-तांदूळ देणारा वस्तीतलाच दुकानदार असतो. मोबाईल 'आता घ्या, नंतर भरा' म्हणतो, ते मात्र कर्ज असते. हप्ता चुकला की दंड सुरू!

तेव्हा भगिनींनो, कपडे, चपला, भाजी, किराणा शक्यतो पाहून, हात लावून घ्यावा. पंखा, मिक्सर यांचा भाव दोन्हीकडे विचारावा. मात्र घरपोच आणण्याचा खर्चही त्यात धरावा.

आपले हक्कही ठाऊक हवेत. पाकिटावरच्या कमाल किमतीत सर्व कर धरलेले असतात. त्यावर वेगळा जीएसटी कोणी मागितला तर देऊ नये. २०२० च्या नियमांनुसार ऑनलाइन कंपनीने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढावी. दाद मिळाली नाही तर १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगातही तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी फी लागत नाही.

आणखी एक सांगणे. 'पैसे परत करतो, पिन टाका' असा फोन आला तर समजा, चोर आहे. पैसे घ्यायला पिन लागत नाही. फसलाच असाल तर लाज न बाळगता ताबडतोब १९३० ला कळवा.

आणि दारात पार्सल घेऊन येणाऱ्या पोराला पाणी विचारायला विसरू नका. चार जिने चढून येणारी ही पोरं बहुधा आपल्यासारख्याच घरांतली असतात.

आम्ही आता कपाटात एक पिशवी टांगली आहे. वस्तू कुठूनही येवो, तिची पावती त्या पिशवीत जाते. पावती देत नसेल त्या दुकानाची पायरी आम्ही चढत नाही. तुमच्याही घरी अशी एक पिशवी असू द्या.