माघातले वाण : शाळेची रोपवाटिका आणि गावाचे बियाणे

मराठी भाषेत ‘वाण’ या शब्दाचे दोन अर्थ रूढ आहेत. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाला आलेल्या स्त्रियांना जी वस्तू दिली जाते ते वाण. आणि ज्वारीचा, वांग्याचा, घेवड्याचा जो विशिष्ट प्रकार शेतकरी ओळखतो तोही वाणच. पुढील विवेचन या दोन अर्थांच्या आधारे केले आहे, कारण स्त्रियांनी एकमेकींना वाण देण्याचा हा काळ उन्हाळी भाजीपाल्याचे बी टाकण्याचाही योग्य काळ आहे. निर्णा आणि बीदर-कलबुर्गीच्या सीमेवरील गावांत शाळा, माजी विद्यार्थी आणि गावकरी यांनी मिळून उद्यान मंडळ चालवावयाचे ठरविले, तर त्याचा आरंभ याच दिवसांत का करावा आणि कसा करावा, हे येथे थोडक्यात मांडावयाचे आहे.

माघातच का?

थंड प्रदेशांत हिवाळ्याच्या अखेरीस बी घरात, काचेआड, उबेला ठेवून उगवतात. कारण बाहेर अजून हिम पडत असते. तेथील माळी थंडी सरण्याची वाट पाहतो. आपल्याकडील अडचण नेमकी उलट आहे. बीदरचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्याने पौषात रात्री गारठा जाणवतो; परंतु चैत्र-वैशाखात पारा चाळिशीच्या घरात जातो. आपल्याला थंडीपेक्षा येणाऱ्या उन्हाचा हिशोब अधिक करावा लागतो.

टोमॅटोचे उदाहरण घेऊ. बी टाकल्यापासून रोप लावणीयोग्य होण्यास साधारण २५ ते ३० दिवस लागतात आणि लावणीनंतर महिनाभराने झाड फुलावर येते. दिवसाचे तापमान ३५ ते ३८ अंशांच्या वर गेले आणि रात्रही उष्ण राहू लागली, की परागकण निकामी होतात व फूल गळते. जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात टाकलेले बी मार्चमध्ये फुलते आणि फळ धरते. तेच बी फेब्रुवारीच्या अखेरीस टाकले तर झाड ऐन एप्रिलअखेर फुलावर येते. झाड हिरवेगार दिसते, पण फळ धरत नाही. दोष बियाण्याचा नसतो, तिथीचा असतो. मिरचीला रोपवाटिकेतच पाच ते सहा आठवडे लागतात, म्हणून तिला आणखी घाई. भेंडी, गवार, काकडी, दोडका यांचे बी मात्र रोप न करता जागेवरच, थंडी ओसरू लागल्यावर, म्हणजे जानेवारीअखेरपासून फेब्रुवारीत टोकावे. त्यांना ऊन सोसते, गारठा सोसत नाही.

बी उगवते म्हणजे काय होते?

कोरडे बी मृत नसते. त्यातील गर्भाचे व्यवहार अत्यंत मंद गतीने चालू असतात. पाणी मिळताच ते फुगते, आतील विकरे जागी होऊन साठविलेल्या पिष्टाचे साखरेत रूपांतर करू लागतात आणि त्या शिदोरीवर अंकुर बाहेर येतो. या कामाला ओल, हवा आणि ऊब या तिन्ही गोष्टी लागतात. नवशिका माणूस ओलीची काळजी घेतो आणि हवा विसरतो. वाफ्यात चिखल झाला की बी गुदमरून कुजते. ऊब तर बहुतेक जण विसरतात. मिरचीचे बी २५ ते ३० अंशांना आठ-दहा दिवसांत उगवते. जमीन गार असेल तर तेच बी तीन आठवडे पडून राहते आणि तोवर बुरशी त्याला गाठते. म्हणून पौषातल्या वाफ्यावर रात्री गवताचे किंवा पोत्याचे आच्छादन घालावे. कारल्याचे टणक कवच पाणी लवकर आत घेत नाही. ते बी २४ तास भिजवून, ओल्या फडक्यात बांधून उबदार जागी ठेवावे आणि मोड दिसताच लावावे. भेंडीला एक रात्र भिजविणे पुरेसे होते.

पेरण्यापूर्वी उगवण तपासणे हा शाळेला साजेसा प्रयोग आहे. शंभर बिया मोजून ओल्या गोणपाटाच्या तुकड्यावर दहा-दहाच्या ओळींत मांडाव्यात, तुकडा गुंडाळून ठेवावा, रोज पाणी शिंपडावे आणि ठरावीक दिवसांनी मोड आलेल्या बिया मोजाव्यात. आपल्या देशातील प्रमाणित बियाण्याच्या निकषांनुसार टोमॅटो व वांग्याची उगवण किमान ७० टक्के, भेंडीची ६५ आणि मिरचीची ६० टक्के असावी लागते. घरातील बियाणे या कसोटीला उतरते की नाही, हे चौथीतील मुलालाही मोजता येते; टक्केवारीचा धडा याहून चांगल्या रीतीने क्वचितच शिकविता येईल.

एक गादीवाफा, शंभर घरे

रोपवाटिकेसाठी तीन मीटर लांब, एक मीटर रुंद आणि अर्धी वीत उंच असा एक गादीवाफा पुरे. आपल्याकडे काही शिवारांत काळी चिकण माती आहे, तर काही ठिकाणी जांभ्याची लाल मुरमाड जमीन. काळ्या मातीत वाळू व चांगले कुजलेले शेणखत मिसळावे, म्हणजे पाणी साचत नाही. लाल मातीत शेणखत अधिक घालावे, म्हणजे ओल टिकते. रुंदीला समांतर, चार बोटांच्या अंतराने रेघा ओढून बी पातळ टाकावे. बियाच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट माती त्यावर असावी, अधिक नको. वर गवत पसरावे आणि अंकुर दिसताच ते काढून घ्यावे. दोन दिवसांचा उशीर झाला तरी रोपे पिवळी व लांबट होतात.

रोपवाटिकेचा मोठा शत्रू म्हणजे रोपे कोलमडण्याचा रोग. मातीतील बुरशी रोपाच्या बुंध्याशी लागते आणि कालपर्यंत ताठ उभी असलेली रोपे सकाळी आडवी झालेली दिसतात. दाट पेरणी आणि संध्याकाळचे पाणी ही दोन कारणे टाळली तर निम्मे काम होते. बियाण्याला किलोमागे पाच ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळल्याने आणखी संरक्षण मिळते. पांढरी माशी पानांना गुंडाळी आणणारे रोग पसरविते. तिच्यासाठी वाफ्यावर बारीक छिद्रांची नायलॉनची जाळी घालावी. लावणीपूर्वी चार-पाच दिवस पाणी कमी करून रोपांना थोडा ताण द्यावा आणि लावणी उन्हे कलल्यावर करावी.

आता हिशोब पाहू. अशा वाफ्यात तीसेक ओळी बसतात व हजारभर रोपे सहज तयार होतात. टोमॅटोच्या एका ग्रॅममध्ये साधारण ३०० बिया असतात. म्हणजे चार ग्रॅम बियाणे, आणि दररोज साधारण एका घागरीएवढे, म्हणजे १२ ते १५ लिटर पाणी. घरटी दहा रोपे दिली तरी शंभर घरांची सोय होते. परसातल्या दहा झाडांना मोरीचे आणि भांडी धुतल्याचे पाणी पुरते. २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. ज्या टापूने तो उन्हाळा पाहिला, तेथे पाण्याचा हिशोब न मांडता बागेची योजना सांगणे बेजबाबदारपणाचे होईल.

शाळांतील बागा अनेकदा एकाच कारणाने मोडतात. मार्चमध्ये परीक्षा येतात, एप्रिल-मे सुटीत जातो आणि जूनमध्ये मुले परततात तेव्हा वाफ्यांत वाळलेल्या काड्या उरलेल्या असतात. म्हणून शाळेने रोपवाटिका करावी, बाग घराघरांत व्हावी, हीच वाटणी योग्य. वाफ्याचे काम परीक्षेआधी संपते आणि रोपे सुटीपूर्वी आपापल्या घरी पोचलेली असतात. शाळेच्या आवारात राहतील ती थोडी झाडे गावातील माजी विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने सांभाळावीत.

हे काम एकट्याचे का नव्हे?

रोपे विकतही मिळतात. मग मंडळ कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर बियाण्यात आहे. बाजारातील संकरित बियाण्याचे पहिले पीक जोमदार येते. परंतु त्याच्या फळातील बी पुन्हा पेरल्यास पुढच्या पिढीत गुण विखुरतात आणि दरवर्षी नवे पाकीट घ्यावे लागते. गावरान सरळ वाणाचे बी मात्र घरी धरता येते. ते धरण्याची विद्या आजवर घरातल्या आजीकडे होती : कोणते फळ झाडावर पिकू द्यावयाचे, बी राखेत घोळवून मडक्यात की वाळल्या भोपळ्यात ठेवावयाचे, हे तिला ठाऊक असे. ती गेली आणि मडके दोन-तीन वर्षे उघडले नाही, की वाण संपतो. कांद्याचे बी तर वर्षभरातच आपली शक्ती गमावू लागते. पुस्तक जुने झाले तरी वाचता येते. बियाणे पेरले नाही तर त्याची आवृत्ती कायमची संपते.

शिवाय वाण शुद्ध राखणे एकट्या घराला जमत नाही. टोमॅटो बहुतांशी स्वपरागित आहे, तेथे फारशी अडचण नाही. वांगी, मिरची, भेंडी यांत मधमाश्यांमुळे काही प्रमाणात संकर होतो. काकडी-भोपळ्याच्या कुळात तर परागीभवन कीटकांवरच अवलंबून असते, आणि बीजोत्पादनात दोन वाणांमध्ये सुमारे अर्धा ते एक किलोमीटर अंतर राखावे लागते. एवढे अंतर कोणाच्याही परसात नसते. परंतु गल्लीगल्लीने एकेक वाण वाटून घेतला तर गावात ते बऱ्याच अंशी साधते. उरलेले काम हाताने करता येते : उमलण्याच्या आदल्या दिवशी मादीकळी कापडाने बांधावी व उमलताच झाकून ठेवलेल्या नरफुलाचा पराग तिला लावून पुन्हा बांधावी. काकडी व कारले सकाळी फुलतात, दोडका व दुधी संध्याकाळी. मुलांच्या पाळ्या त्याप्रमाणे लावाव्यात. बी धरताना एकाच देखण्या झाडाचे न घेता शक्य तितक्या अधिक निरोगी झाडांचे एकत्र करावे, म्हणजे वाणाची विविधता टिकते.

साठवणुकीचा नियम सोपा आहे. बियाण्यातील ओलावा एक टक्क्याने घटला किंवा साठवणुकीचे तापमान पाच अंशांनी उतरले, की बियाण्याचे आयुष्य साधारण दुप्पट होते. आजीचे राखेचे मडके आणि घरातला गार कोपरा यांमागील शास्त्र हेच होय.

आपल्या आसपासची उदाहरणे

वर्ध्याला १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये भरलेल्या शिक्षण परिषदेने हाताच्या उद्योगातून शिक्षण हा विचार देशापुढे ठेवला. गारगोटीच्या मौनी विद्यापीठात गणित शिकविणारे श्रीपाद दाभोलकर यांनी ‘प्रयोग परिवारा’च्या रूपाने शेतकऱ्यांचे असे जाळे विणले, की ज्यात प्रत्येक जण आपल्या रानात प्रयोग करी आणि निष्कर्ष इतरांना सांगे. अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे या शाळेत न गेलेल्या स्त्रीने गावरान भाज्यांचे वाण जमवून बियाणे बँक उभी केली. २०२० च्या पद्म पुरस्कारांत त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आपल्या शेजारी झहीराबादनजीक पस्तापूर येथे १९८३ मध्ये स्थापन झालेल्या डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या संघमांतील स्त्रियांनी, ज्यांत बहुसंख्य दलित व अल्पभूधारक आहेत, पारंपरिक धान्यांचे बियाणे राखले. संक्रांतीच्या सुमारास हे बियाणे सजविलेल्या बैलगाड्यांतून गावोगाव नेण्याची त्यांची यात्रा प्रसिद्ध आहे. २०१९ मध्ये या कार्याला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. आणि दूर लेनिनग्राडमध्ये, १९४१ पासूनच्या वेढ्यात, वाविलोव यांच्या संस्थेतील अनेक संशोधकांनी भुकेने प्राण सोडले, पण जपलेल्या बियाण्याच्या पोत्यांना हात लावला नाही. पुढच्या पेरणीचे मोल त्यांनी स्वतःच्या जिवाहून अधिक मानले.

कायदाही शेतकऱ्याच्या बाजूचा आहे. वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियम, २००१ प्रमाणे शेतकऱ्याला आपल्या शेतातील बियाणे राखणे, पेरणे, देवाणघेवाण करणे व विकणे यांचा हक्क आहे. संरक्षित वाणाचे बियाणे नाममुद्रा लावून विकता येत नाही, एवढीच मर्यादा.

मंडळाचे वर्ष

आपल्या पंचांगातच या कामाचे वेळापत्रक आहे. मार्गशीर्षातल्या येळवसेला सारा गाव शिवारात असतो. भज्जी-आंबिलीच्या त्या पंगतीत कोणाच्या बांधावर कोणता वाण आहे, याची यादी मुलांनी करावी. पुढच्या पंधरवड्यात उगवण तपासावी. भोगी-संक्रांतीच्या सुमारास वाफा भरावा. रथसप्तमीपर्यंतच्या हळदीकुंकवात प्लास्टिकच्या डब्यांऐवजी बियाण्याची पुडी वाण म्हणून द्यावी आणि पुडीवर वाणाचे नाव, गाव व वर्ष लिहावे. मात्र या वाणाला सौभाग्याची अट नसावी. जुने बियाणे ज्यांच्याकडे अद्याप आहे, त्यांत एकट्या राहिलेल्या वृद्ध स्त्रियाच पुष्कळ असतात. त्यांना दाराबाहेर ठेवून बियाण्याचा समारंभ होऊ शकत नाही. महाशिवरात्रीपर्यंत रोपे घरोघर जावीत. शाळा भरली की जूनमध्ये प्रत्येक घराने घेतलेल्या बियाण्याच्या दुप्पट बी परत करावे, आणि कोणाचे पीक बुडाले असेल तर तेही वहीत न संकोचता नोंदवावे. अपयशाची नोंद पुढच्या वर्षी अधिक उपयोगी पडते.

या सर्वाला खर्च फारसा नाही. एक वाफा, एक वही, झाकणाच्या काही बाटल्या आणि एक कपाट एवढेच लागते. नोकरीनिमित्त हैदराबाद, पुणे, सोलापूरकडे गेलेल्या माजी विद्यार्थ्यांनी देणगी द्यावीच. पण त्याआधी आपल्या आईला किंवा आजीला विचारून एखाद्या वाणाचे नाव आणि मूठभर बी शाळेकडे पाठवावे. पाच वर्षांनी विचारावयाचे ठरविले, तर सांगणारे माणूस कदाचित राहिलेले नसेल.