पायऱ्या न चढता पालेंके

मेक्सिकोच्या दक्षिणेस, चियापास राज्यात, पालेंके नावाचे अरण्याकाठचे एक लहानसे गाव आहे. गावापासून सात-आठ किलोमीटरवर प्राचीन माया लोकांच्या नगराचे अवशेष उभे आहेत. १९८७ साली युनेस्कोने त्यांचा जागतिक वारशात समावेश केला. अमेरिकेत मुलांकडे गेलेल्या आईवडिलांना तेथे न्यावे असा बेत घरात निघाला, की पहिला प्रश्न येतो तो 'त्यांना झेपेल का?' हाच.

या नगराचा सर्वांत कीर्तिमान राजा पाकाल बाराव्या वर्षी, इ.स. ६१५ मध्ये, गादीवर आला आणि ६८३ मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी निवर्तला, असे तेथील लेख सांगतात. १९५२ साली पुरातत्त्वज्ञ आल्बेर्तो रुस यांना शिलालेखांच्या मंदिराखाली त्याची कबर सापडली. हाडांच्या पहिल्या तपासणीत मात्र वय चाळिशीच्या आसपास ठरले आणि त्यावरून दीर्घ वाद झाला. पुढील अभ्यासाने वृद्धत्वाच्याच बाजूने कौल दिला. ऐंशीच्या माणसाची हाडे चाळिशीची वाटावीत, हा वाद आपल्या वाचकांना सुखावेल!

ज्या मंदिरात ही कबर आहे, त्यावर चढण्यास पर्यटकांना बंदी आहे. म्हणजे तेथील सर्वांत महत्त्वाची वास्तू तरुणांनाही खालूनच पाहावी लागते. पाकालच्या शवपेटीची प्रतिकृती संग्रहालयात आहे आणि मनोरा असलेला राजवाडाही समोरच्या मोकळ्या पटांगणातून उत्तम दिसतो. इतर काही वास्तूंवर चढता येते. पण पायऱ्या उंच व अरुंद आहेत. खरी परीक्षा उतरताना होते. गुडघ्यांवर भार वाढतो आणि दुहेरी भिंगाच्या चष्म्यातून खालच्या पायरीची कड पुसट दिसते. 'आता आलोच आहोत तर चढूया' हा आग्रह मुलांनी धरू नये आणि आईवडिलांनी मानू नये.

पायऱ्यांपेक्षा अधिक जपावे ते दमट उष्म्याला. हवा बाष्पाने भरलेली असली की घाम सुकत नाही, त्यामुळे शरीर थंड होत नाही. वाढत्या वयात तहानेची जाणीवही मंदावते. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना पाणी व क्षार कमी पडण्याचा धोका अधिक. म्हणून तहानेची वाट न पाहता सोबतच्या माणसाने दर अर्ध्या तासाने घोटभर पाणी पुढे करावे. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्यावर मर्यादा असेल, तर प्रमाण निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. बोलणे असंबद्ध झाले, तोल जाऊ लागला, तर ते थकव्यावर ढकलू नये. सावलीत नेऊन अंग ओले करून वारा घालावा आणि विनाविलंब वैद्यकीय मदत बोलवावी. भारतातून थेट गेल्यास तेथील घड्याळ साडेअकरा तास मागे असते. गोळ्यांच्या, विशेषतः इन्सुलिनच्या वेळा आधीच लिहून घ्याव्यात.

अवशेषांकडून संग्रहालयाकडे ओढ्याच्या कडेने उतरणारी पायवाट रम्य आहे. पण ती ओली व निसरडी असते. गुडघे दुखत असल्यास मुख्य दाराकडे परतून वाहनाने संग्रहालय गाठावे.

जवळचा मिसोल-हा धबधबा सुमारे ३५ मीटर उंचीवरून कोसळतो. त्याच्या पाठीमागून जाता येते, पण समोरून पाहण्यात गंमत कमी नाही. आग्वा आसुलचे निळे पाणी कोरड्या महिन्यांत पाहावे. जोराच्या पावसानंतर ते गढूळ होते. तिकडचा रस्ता वळणांचा आणि गतिरोधकांचा असल्याने कंबरदुखी असलेल्यांनी पाठीशी उशी ठेवावी, मध्ये थांबावे. याश्चिलानला जायचे तर लांबचा रस्ता, मग उसुमासिंता नदीवर होडी आणि पुढे चढ. माझ्या मते सत्तरीनंतर हा एक दिवस सोडून द्यावा आणि पालेंकेलाच दुसरी सकाळ द्यावी. दार उघडताच आत शिरले, तर ऊन चढण्यापूर्वी झाडाखाली निवांत बसता येते. वरच्या फांद्यांतून हाउलर माकडांची घोगरी गर्जना ऐकू येते. ती प्रथम ऐकणाऱ्याला एखादे मोठे श्वापदच जवळ आल्यासारखे वाटते.