धाब्याच्या पोटात काय आहे?

वैशाख आला की बोदवडच्या बाजूला धाब्यावर खारी टाकायची लगबग सुरू होते. मागे एका गावात गेलो असता एका शेतकऱ्याने मला घरात नेले. "साहेब, माजघरात ठिबकतं. दोन गाड्या खारी टाकतो यंदा." मी वर पाहिले, तर मधली कडी वाकलेली. आजी म्हणाल्या, "भाऊ, दरसाल टाकतोच की!" नेमके तिथेच दुखणे होते. दरसाल खारी वर चढली, उतरवली मात्र कुणीच नाही.

म्हणून शेतकरी बंधू-भगिनींनो, खारी टाकण्याआधी आपले धाबे कशाचे आहे ते ओळखा.

खालून वर पाहत जा. खांबांवरचे जाड आडवे लाकूड तो सरा, सऱ्यावर कड्या. कड्यांवर लाकडाच्या लहान चिपा जवळजवळ बसवलेल्या असतील तर ते किलचन. ऐपतदाराच्या जुन्या घरात फळ्या दिसतील, साध्या घरात तुराट्या, पऱ्हाट्या किंवा बांबू. त्यावर पाला, मग माती आणि सर्वांत वर खारी.

लाकूड थोडे तासून बघा. सागवान सोनेरी-तपकिरी निघते, तेलकट वास येतो; त्याच्या गाभ्याला उधई सहसा लागत नाही. अंजन लालसर काळपट, फार जड आणि कठीण. तुराट्या-पऱ्हाट्या मात्र उधईचे आवडते खाद्य. मातीच्या बारीक नळ्या दिसल्या की समजा, ती आत शिरली. कडीचे भिंतीतले टोक चाकूने टोचून पाहा. चाकू सहज आत गेला तर कडी कुजली.

खारीत सोडियमचे क्षार असतात. ओली होताच तिचे कण फुटून छिद्रे बुजतात, पाणी खाली झिरपत नाही. शेतात जो दोष, तोच धाब्यावर गुण! पण वजन विसरू नका. दहा फूट लांब, दहा फूट रुंद खोलीवर फूटभर माती म्हणजे सुमारे 45 क्विंटल, तीही कोरडी. पावसात भिजली की आणखी जड.

काही घरांत धाब्यावर किंवा पडवीवर सिमेंटचे जुने राखी पत्रे आहेत. त्यांत बहुधा ॲस्बेस्टॉस असते. त्याची धूळ फुप्फुसाला घातक, कर्करोगही होतो. ते फोडू, कापू किंवा घासू नका. काढावेच लागले तर पाणी मारून, अख्खे उतरवा. मुलांना दूर ठेवा.

त्या घरी आधी वाकलेल्या कडीला टेकू दिला, मगच थोडी थोडी माती उतरवली. दोन कड्यांची टोके भुसा झालेली निघाली. त्या बदलल्या, किलचन नीट बसवले आणि खारीचा पातळ थर दिला. उरलेली खारी शेतात टाकायला निघाले होते, ती थांबवली. जमीन बिघडली असती.

मृगाला अवकाश आहे. आजच एकदा मान वर करून बघा.